गुंडाळी फळा कापला, त्याची गोष्ट

सतरा वर्षं पाचवी ते सातवीच्या वर्गांवर आवाज चढवल्याचं फळ म्हणून माझ्या स्वरयंत्रावर पॉलिप, म्हणजे छोटी गाठ झाली, आणि २४ जुलै २०२५ ला ती काढली. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची. खरी शिक्षा नंतरची होती. डॉक्टर म्हणाले, "सात दिवस एक अक्षरही नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट जास्त ताण येतो. पुढचे तीन आठवडे अगदी मोजून बोला."

पहिल्याच दिवशी अर्धी वही संपली. चिठ्ठ्या लिहायच्या, दाखवायच्या, ठेवून द्यायच्या. संध्याकाळी सासूबाईंना टीव्हीजवळ सकाळची एक चिठ्ठी सापडली, "दूध उतू जातंय." त्या गुडघे धरून स्वयंपाकघरात धावल्या. मग माझ्या लक्षात आलं, मला लिहायला काहीतरी हवं होतं हे खरं, पण त्याहून जास्त ते पुसायची सोय हवी होती.

मोबाइलवर टाइप करून त्याच्याकडून वाचून घ्यायचा प्रयोग केला. माझ्या मनातलं "भात चढवा गं" रेल्वे स्थानकावरच्या सूचनेसारखं ऐकू आल्यावर मुलगी हसून लोळली. तिच्याकडे ती बटण दाबलं की पुसणारी इलेक्ट्रॉनिक पाटी आहे. दोन-अडीचशे रुपयांत मिळते, आणि तुम्हाला नुसतं लिहून दाखवायचं असेल तर तीच घ्या, पुढचं काही वाचायची गरज नाही. मला ती चालेना, कारण ती पुसते तर सगळंच पुसते. वरची ओळ ठेवून खालची बदलायची सोय नाही. शिवाय मुलगी दर तासाला परत मागायची.

मग माळ्यावरचा गुंडाळी फळा आठवला, काळा रंग दिलेला, गुंडाळून नेता येणारा कापडी फळा. डी.एड. केलेल्यांना वेगळं सांगायला नको. सराव पाठाला जाताना एका हातात पाठ टाचणाची वही, काखेत तक्ते आणि दुसऱ्या हातात गुंडाळी फळा, असा तो काळ. २००७ साली पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून घेतलेला माझा फळा वर्तमानपत्रात गुंडाळून तसाच पडून होता. उघडला तर जागोजागी तडे गेलेले. चांगल्या भागातून नऊ बाय बाराचे दोन तुकडे कापले. नवरा म्हणाला, "अगं, आठवण होती ती तुझी." मला बोलता येत नव्हतं म्हणून तो वाचला.

तुकड्याला चारी बाजूंनी गोधडीला लावतो तसा गोट लावला, वर नाडी शिवली आणि गळ्यात अडकवलं. पाटी तयार. खडू ठेवायला खिसा नव्हता म्हणून तो कानावर, सुताराच्या पेन्सिलीसारखा.

या पाटीची पहिली मोठी लढाई शाळेच्या कार्यालयात झाली. रजेचा अर्ज द्यायला मी स्वतः गेले. डिस्चार्ज कार्डावर "आवाजाला विश्रांती, ७ दिवस, त्यानंतर मर्यादित वापर, ३ आठवडे" असं लिहिलं होतं. क्लार्क म्हणाले, "बाई, इथे आवाजाला विश्रांती लिहिलीय. तुम्हाला कुठे लिहिलीय?" मी पाटीवर लिहिलं, "शिकवू कशी?" त्यांनी ते मोठ्याने वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "तेच डॉक्टरांकडून लिहून आणा." पुन्हा रुग्णालय, पुन्हा केसपेपर, १०० रुपये आणि अडीच तास. तेव्हा आवाजाची शस्त्रक्रिया होणार असेल तर डिस्चार्जच्या वेळीच "अध्यापनासाठी असमर्थ, अमुक तारखेपर्यंत" असं स्पष्ट लिहून घ्या. परत रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, त्याचीही तारीख तेव्हाच ठरवून ठेवा.

जुन्या फळ्याचा तुकडा चार दिवसांत दम तोडायला लागला. रंगाचे पापुद्रे निघून माझ्या गाऊनवर काळा भुगा पडायचा. ३१ जुलैला मौन संपलं, "अ" म्हणून पाहिलं, आवाज आला, थोडी रडले. पण मोजून बोलायचे तीन आठवडे पुढे होतेच, हातात रजा होती, आणि तोवर ही गोष्ट डोक्यात बसली होती. नवीन कापडाची पाटी करायचीच.

५ ऑगस्टला रविवार पेठेत, कापडगंजात गेले. गर्दीत आवाज चढवायला मनाई, म्हणून तिथेही पाटीच. डक म्हणजे कॅनव्हाससारखं जाड सुती कापड. दुकानदाराला लिहून दाखवलं, "जाड डक, १० औंस, पांढरं. भाव?" त्याने माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला, माझ्या कानावरचा खडू मागून घेतला आणि माझ्याच पाटीवर लिहिलं, "१७०". मी पुसलं, "१४०". त्याने पुसलं, "१६०". गळ्यातली पाटी दोघांच्या मध्ये ताणलेली, मागे तीन गिऱ्हाइकं तमाशा बघत उभी. शेवटी "१५५"वर त्याने खाली रेघ मारली. मी बोलू शकत नव्हते हे खरं, पण तो का बोलला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. एरवी लोक उलटं करतात. तुम्ही बोलत नाही म्हटलं की तुम्हाला ऐकूही येत नसणार असं धरून ओरडायला लागतात.

दोन मीटर डक, दोन मीटर मांजरपाट घेतलं. मग बोहरी आळीतून फळ्याचा तयार रंग, ब्रश, मास्किंग टेप आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर.

पहिला प्रयोग साफ फसला. फळ्याचा रंग भिंतीसाठी आणि लाकडासाठी असतो, टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा. मांजरपाटावर लावला, तो पलीकडून गळून वर्तमानपत्राला चिकटला. श्रावणातल्या हवेत वाळायला चार दिवस. घरभर वास. वाळल्यावर कापडाचा पापड झाला, घडी घातली की कडकन मोडायचा. सासूबाई म्हणाल्या, "तळून बघ." ३१० रुपये पाण्यात.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती कळायला मला दहा दिवस लागले. कापडावर कशानेही लिहिता येतं. अडचण पुसायची असते. सुताच्या धाग्यांमध्ये फटी असतात, आत गेलेलं बाहेर येत नाही. आपल्या लहानपणीची दगडी पाटी, आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणींमधून येणारी, तिचा दगड इतका घट्ट असतो की काही आत शिरतच नाही, आणि तरी पृष्ठभागाला पेन्सिल धरून ठेवण्यापुरता खरखरीतपणा असतो. गुळगुळीत काचेवर खडू उमटत नाही, आणि नुसत्या कापडावर उमटतो तो मुक्कामालाच येतो. आपल्याला मधलं काहीतरी करायचं. आधी फटी बुजवायच्या, मग वर थोडी खर आणायची. आणि हे सगळं घडी घालता येईल इतकं मऊ राहिलं पाहिजे.

मऊपणासाठी कापडावरच्या रंगकामात वापरतात ते फॅब्रिक मीडियम सापडलं. खर आणायला चॉक पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाच-सहा प्रमाणं करून बघितली. जमलेलं प्रमाण असं: काळा अ‍ॅक्रिलिक रंग अर्धी वाटी, मीडियम पाव वाटी, चॉक पावडर एक सपाट चमचा. पावडर आधी दोन चमचे पाण्यात कालवून मग रंगात घाला, नाहीतर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. पावडर जास्त झाली तर घडीवर तडे जातात, कमी झाली तर खडू घसरतो.

कापड आधी गरम पाण्यात भिजवून खळ काढायचीच. मी एकदा आळस केला, रंग वर तरंगल्यासारखा बसला आणि नखाने निघाला. धुतल्यावर माझं बारा इंची डक साडेअकरा झालं, तेव्हा धुऊन मगच मापं घ्या. कडेला अर्धा इंच जागा मास्किंग टेप लावून कोरी सोडा, शिलाई तिथून घ्यायची. रंगावरून टाके घातले की सुईच्या भोकांपासून पापुद्रा सुटतो, शिवाय सुई बोथट होते. डकला सोळा नंबरची सुई लागते, घरातली चौदा नंबरची माझी दोनदा तुटली.

रंगाचे हात तीन द्यायचे, पातळ. पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. ऑगस्टमध्ये प्रत्येक हाताला पूर्ण दिवस लागला, ऑक्टोबरच्या उन्हात तोच हात तीन तासांत वाळला. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताआधी पॉलिश पेपर अगदी हलका फिरवायचा. शेवटी दोन दिवस थांबून उलट्या बाजूने इस्त्री.

१४ ऑगस्टला पहिली धड पाटी हातात आली. काळी, मऊ, गुंडाळता येणारी. मी हरखून लगेच लिहिलं, "औषध घेतलं." पुसलं. अक्षरं गेली, पण त्यांची भुतं राहिली. ओल्या फडक्याने पुसलं तरी फिकट "औषध घेतलं" दिसतंच. ती पाटी आजही घरात आहे आणि आजही औषध घेतल्याचं सांगते.

चूक अशी होती: नवा फळा आधी माखावा लागतो. खडू आडवा धरून पूर्ण पृष्ठभाग पांढरा करायचा, सगळीकडे सारखा, मग कोरड्या फडक्याने पुसायचा. असं दोनदा. खडूची बारीक पूड उरलेल्या छिद्रांत जाऊन बसते आणि पहिल्या अक्षरांना तिथे जागा उरत नाही. सतरा वर्षं फळ्यापुढे उभी राहिले, आणि हे मला एका व्हिडिओतून कळलं. शाळेत फळे रंगवल्यावर शिपाईमामा हे गुपचूप करत असणार.

मधल्या काळात दोन फाटे फुटले. शिवणाच्या सामानाच्या दुकानात इस्त्रीने जाणारी रिफिल मिळते, कटिंगच्या खुणांसाठी. तिने साध्या पांढऱ्या कापडावर लिहायचं आणि इस्त्री फिरवली की कोरं. मला वाटलं, सुटलो! मुलीने रुमालावर आजीबद्दल काहीतरी लिहिलं, इस्त्रीने घालवलं. माझ्या मैत्रिणीने मात्र सांगितलं, रुमाल फ्रीजरमध्ये ठेवून बघ. रात्रभर ठेवला, सकाळी मजकूर परत हजर. ती शाई उष्णतेने अदृश्य होते, जात नाही. मजकूर काय होता ते इथे लिहीत नाही.

दुसरा फाटा पांढऱ्या पाटीचा. जेवणाच्या टेबलावर घालतात ते पारदर्शक पीव्हीसी पांढऱ्या कापडावर शिवायचं आणि व्हाइटबोर्डच्या मार्करने लिहायचं. दिसतं देखणं, धूळ नाही. पण मजकूर रात्रभर राहिला तर लाल आणि निळा रंग प्लास्टिकमध्ये मुरतो. शिवताना मशीनचा पाय प्लास्टिकला चिकटतो. वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. टाचण्या टोचू नका, भोकं कायमची राहतात, कपड्यांचे चिमटे लावा. दमेकऱ्यांच्या घरात मी हीच पाटी सुचवेन, बाकीच्यांना खडूची.

खडूचीही एक गंमत. बाजारात बरेचसे खडू जिप्समचे असतात, हलकी धूळ उडते आणि ती गळ्यातल्या पाटीवरून थेट पदरावर. डस्टलेस म्हणून मिळणारे जड असतात, पूड खाली पडते. रंगीत खडू जपून, लाल माझ्या पाटीवर गुलाबी सावली ठेवून गेला. लिक्विड चॉकचे मार्कर तर मुळीच नकोत. ते काचेसाठी असतात, आपल्या पाटीवरून निघत नाहीत. खडू खिशात मोडतो म्हणून संपलेल्या लिप बामच्या नळीत बसवला, आणि पाटीच्या कोपऱ्याला दोरीने फेल्टचा तुकडा बांधला, डस्टर म्हणून.

२५ ऑगस्टला शाळेत रुजू झाले. वर्गात शिरताना गळ्यात पाटी, त्यावर "हळू बोला, मीही हळू बोलणार आहे." सहावीचा वर्ग चक्क कुजबुजत बोलायला लागला. दोन दिवसांनी गणपतीची सुट्टी लागली, तोवर तरी टिकलं.

सप्टेंबरमध्ये जाऊबाईंनी दिवाळीआधीच्या एका प्रदर्शनाचा फॉर्म आणून दिला. "तुझ्या पाट्या ठेव, मी माझे उटणं-अभ्यंगाचे डबे ठेवते, अर्धं-अर्धं टेबल." माझ्या वाट्याचं भाडं २,५०० रुपये, विजेचे २००, अनामत १,०००. फॉर्मसोबत आधार आणि उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं होतं.

उद्यम नोंदणी शोधली, तर सगळ्यात वर एक संस्थळ, अगदी सरकारी दिसणारं, शुल्क १,४९९ रुपये. कार्ड काढून नंबर टाकणार एवढ्यात नवऱ्याने पत्ता बघायला सांगितला. शेवटी gov.in नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं. नोंदणी पूर्ण मोफत आहे, एक रुपयाही लागत नाही. सरकारी संस्थळावर आधार क्रमांक टाकला, तर ओटीपी गेला माझ्या २०१४ च्या मोबाइल क्रमांकावर, जो आता कोण जाणे कुणाकडे आहे. मग आधार केंद्र. सकाळी साडेनऊची रांग, माझा नंबर बाराला, तेव्हाचं शुल्क ५० रुपये. नवा क्रमांक जोडला जायला पाच दिवस लागले. तुम्हाला कधीही, कशासाठीही नोंदणी करायची असेल तर आधी हे एकच तपासा.

त्यानंतर फॉर्म भरायला वीस मिनिटं. पॅन, बँकेचा तपशील, कामगारांची संख्या: स्त्रिया १. धंद्याचा संकेतांक निवडताना अडले. कापडी पाटी नावाचा धंदा यादीत नाही. "कपडे वगळून इतर तयार कापडी वस्तू" हा १३९२ चा गट आहे, तो घेतला. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा वाचून हसू आलं: गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत, उलाढाल दहा कोटींपर्यंत. माझी तोवरची गुंतवणूक प्रयोगांसह ३,८७० रुपये. जीएसटीची चौकशी केली. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, म्हणून तो विषय मिटला. शाळेला मात्र लेखी कळवलं. खासगी शाळा आहे, "हरकत नाही" एवढं तोंडी उत्तर आलं, लेखी मागितलं ते अजून आलेलं नाही.

मग रात्री जागून माल केला. अठरा पाट्या, आणि तसाच फळा असलेल्या दहा पिशव्या, सहा एप्रन. सामानाला ४,३५० रुपये. मशीनवर बसून मान धरली, नवऱ्याने रंगाचे हात द्यायचं काम अंगावर घेतलं आणि माझ्यापेक्षा सफाईने केलं. २ ऑक्टोबरला दसरा. पाटीपूजनाला मुलीने नवी कापडी पाटी मांडली, एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं ते मात्र डकच्या कडेला लागून राहिलं. तो डाग काढायच्या भानगडीत मी पडले नाही.

११ आणि १२ ऑक्टोबर, प्रदर्शन. पहिले दोन तास कुणी फिरकलं नाही. लोक दुरून वाचायचे आणि जायचे. मग मी एका पिशवीवर लिहिलेलं "शुभ दीपावली" पुसून टाकलं आणि शेजारी खडू ठेवला. कोरी पिशवी बघून एक कॉलेजातली मुलगी थांबली, लिहिलं, "सबमिशन उद्या आहे आणि मी इथे आहे." तिच्या मैत्रिणीने ते पुसून खाली उत्तर लिहिलं. त्यानंतर टेबलावर गर्दी राहिली. विकत घेणारे कमी, लिहिणारे जास्त.

हिशेब असा: पाट्या १४, प्रत्येकी १८०, पिशव्या ७, प्रत्येकी ३५०, एप्रन १, ४८० ला. एकूण ५,४५०. टेबल, वीज आणि सामान वजा केलं तर १,६०० रुपयांचा तोटा. प्रयोगांचा खर्च यात धरलेला नाही, माझ्या मानेचाही नाही. अनामत तीन आठवड्यांनी परत मिळाली, दोन फोन केल्यावर.

एप्रनची कल्पना मुळातच चुकली होती. कागदावर ती झकास वाटते, छातीवर फळा, त्यावर आजचा बेत. प्रत्यक्षात तेलाचा हात एकदा लागला की त्या जागी खडू उमटत नाही, आणि फोडणीच्या वाफेत पूड ओली होऊन लपका बनतो. जी एक बाई घेऊन गेली तिला मी हे सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी स्वयंपाक करत नाही."

पाट्या मात्र अजून जातात. आवाजाच्या व्यायामांसाठी मी ज्या थेरपिस्ट ताईंकडे जात होते, त्यांनी नोव्हेंबरात चार मागून घेतल्या, शस्त्रक्रियेनंतर मौन पाळणाऱ्या पेशंटना वापरायला देण्यासाठी. त्यांनी सुचवलेली सुधारणा चांगली आहे. पाटीच्या वरच्या पट्टीवर, न पुसणाऱ्या रंगात, "मला ऐकू येतं" असं लिहून द्यायचं. आता तसंच करते.

उरलेल्या पाच एप्रनांपैकी एक सासूबाईंनी पिठाच्या मोठ्या डब्याला गुंडाळून बांधला आहे. त्यावर त्यांनीच खडूने लिहिलं, "ज्वारी". परवा गव्हाचं दळण आलं तेव्हा पुसलं आणि "गहू" लिहिलं. ज्वारी अजून फिकट दिसते. माखायचा राहिला होता.